बावीस नंबरचं स्पिटफायर

गेले पाच वीकेंड मी घासतेय. भांडी नाही, पंख! मैत्रिणी ग्रुपवर लोणावळ्याचे नाहीतर एखाद्या नव्या कॅफेतल्या ब्रंचचे फोटो टाकतात आणि मी टाकते राखाडी प्लास्टिकच्या पंखाचा क्लोजअप. प्रतिक्रिया ठरलेल्या. ‘हे काय आहे?’ ‘अजून तेच?’ आणि एका अतिहुशार मैत्रिणीची, ‘अगं, हे तयार मिळतं ना!’

मिळतं की. पण मला हवंय ते मिळत नाही, कारण ते जगात कधी नव्हतंच.

तर मंडळी, प्रकरण असं आहे. स्केल मॉडेलिंग म्हणजे खऱ्या विमानाची बारीक प्रतिकृती प्लास्टिकच्या किटमधून जोडायची. खोक्यात चौकटीला चिकटलेले सुटे भाग असतात, एक पारदर्शक कॅनपी, चिन्हांचा डिकल पेपर आणि घडीचं माहितीपत्रक. सज्जन माणसं माहितीपत्रकाप्रमाणे चालतात. आमच्यासारखे काही जण ते पत्रक बाजूला ठेवतात आणि ‘असं झालं असतं तर?’ म्हणत करवत हातात घेतात. या उद्योगाला हॉबीवाल्यांच्या भाषेत ‘व्हॉट इफ’ म्हणतात. माझं ‘व्हॉट इफ’ असं : दुसऱ्या महायुद्धातलं एक स्पिटफायर युद्धानंतर भंगारात गेलं नाही, कुणीतरी ते विकत घेतलं, त्याच्या तोफा उतरवल्या आणि ते शर्यतीत पळवलं. आणि हे कुणीतरी होतं परभणीचं!

हसू नका. विमानांच्या शर्यती ही काही माझ्या डोक्यातली भानगड नाही. उलट स्पिटफायरचा जन्मच शर्यतीच्या घराण्यातला. रेजिनाल्ड मिचेल या इंग्लिश डिझायनरनं आधी समुद्रावरून उडणारी रेसिंगची विमानं बनवली. त्याच्या ‘सुपरमरीन एस.६ बी’नं १३ सप्टेंबर १९३१ ला श्नायडर ट्रॉफी कायमची इंग्लंडला मिळवून दिली आणि त्याच महिन्यात ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या वर जाऊन विश्वविक्रम केला. सरकारनं हात आखडता घेतला होता, तेव्हा लेडी ह्यूस्टन नावाच्या एका श्रीमंत बाईंनी एक लाख पौंड काढून दिले होते. स्पॉन्सरशिप तेव्हाही लागायचीच! त्या अनुभवातून मिचेलनं पुढं जे लढाऊ विमान काढलं, ते स्पिटफायर. म्हणजे मी काही पाप करत नाहीये. नातवाला आजोबांच्या धंद्यात परत पाठवतेय, इतकंच.

युद्ध संपल्यावर तर अमेरिकेत लढाऊ विमानं कवडीमोलानं विकायला निघाली आणि हौशी वैमानिकांनी ती क्लीव्हलंडच्या शर्यतीत उतरवली. इंग्लंडमध्येही हाच शौक. ‘द क्राउन’ पाहिलेल्यांना पीटर टाउनसेंड आठवत असेल, राजकन्या मार्गारेटचा तो प्रियकर. त्यानं १९५० च्या किंग्ज कप शर्यतीत तिच्या नावानं उतरलेलं हरिकेन पळवलं आणि दुसरा नंबर काढला. पुढं १९६४ पासून अमेरिकेतलं रीनो हे या वेडाचं पंढरपूर झालं. वाळवंटात खांब उभे करायचे आणि जमिनीलगत त्यांना वेढे घालायचे. मस्टँग, बेअरकॅट, सी फ्युरी... सगळी लढाऊ जातीची धेंडं. यातल्याच ‘रेअर बेअर’ नावाच्या बेअरकॅटनं १९८९ मध्ये ताशी ८५० किलोमीटर गाठले होते, तेही पंख्याच्या इंजिनावर.

पण तोफा काढल्या म्हणून विमान गरीब गाय होत नाही. १९४९ मध्ये क्लीव्हलंडला एक रेसिंग मस्टँग एका घरावर कोसळलं. वैमानिकाबरोबर घरातली आई आणि तिचं मूल गेलं आणि त्या शर्यती तिथंच थांबल्या. रीनोला २०११ मध्ये असंच एक मस्टँग प्रेक्षकांजवळ पडून वैमानिक धरून अकरा जण गेले. २०२३ मध्ये रीनोच्या शर्यतीही संपल्या. मॉडेलमध्ये हे काही दिसत नाही. मॉडेल नेहमी चकचकीतच असतं.

आता परभणी. फ्रीलान्सरला ऑफिस नसतं, पगाराची तारीख नसते, पण लॅपटॉप उचलून आजोळी महिनाभर राहता येतं हा फायदा असतो. माझं आजोळ परभणीचं. माळवदाचं जुनं घर, मागं सिमेंटची नवी खोली आणि त्या खोलीत माझं टेबल. पुण्यात मॉडेलिंगचे रंग-फिलर कुरिअरनं येतात. इथं स्टेशन रोडपासून गॅरेजेसपर्यंत चालत फिरले आणि खरं सांगते, काही अडलं नाही. डेंटिंग-पेंटिंगवाल्या भैयाकडं ४०० पासून २००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर मिळाले. फटी भरायला किराणा दुकानातला खायचा सोडा आणि फेव्हिक्विक. सोडा फटीत भुरभुरायचा, वरून एक थेंब टाकायचा, क्षणात दगड! लगेच घासायचं, कारण तासाभरानं तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि मग घासताना प्लास्टिकच झिजतं, तो तसाच राहतो.

माझं किट १/४८ स्केलचं, ‘मार्क आठ’ जातीचं स्पिटफायर. खऱ्याचा पंख टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर, माझ्या टेबलावर तो साडेतेवीस सेंटिमीटरच्या आत. स्पिटफायरचा तो लंबगोल पंख म्हणजे त्याचं सौंदर्य, आणि मी पहिलं काम केलं ते त्याची टोकं छाटायचं. दोन्हीकडून साधारण दीड-दीड सेंटिमीटर. (माझा एक पुणेरी मॉडेलर मित्र हे ऐकून दोन दिवस बोलत नव्हता.) पण त्याला कारण आहे. छाटलेल्या पंखाला कमी उंचीवर हवेचा अडथळा कमी होतो आणि विमान पटकन कुशीवर वळतं. युद्धातसुद्धा जमिनीलगत लढणाऱ्या कित्येक स्पिटफायरांचे पंख असेच छाटलेले होते. उंच आभाळात जायचं असेल तर मात्र ती टोकं हवीत. माझं विमान काही उंच जाणार नाही. त्याला जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा असे पाच खांब फिरून यायचंय. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं, एक फेरी दोनशे किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे ताशी सहाशेनं वीस मिनिटं. वीस मिनिटांत आमच्याकडं एसटी स्टँडातून बाहेर पडली तरी लोक ड्रायव्हरचं कौतुक करतात.

पंखाखालचे दोन रेडिएटर मी काढणार होते. दिसायला छान झालं असतं. पण मग मर्लिन इंजिनातलं तापलेलं पाणी थंड कशानं होणार? १९३१ च्या त्या रेसरनं पंखांच्या पत्र्यालाच रेडिएटर बनवलं होतं, पण तो समुद्रावर उडायचा आणि शर्यत तासाभराच्या आतली. परभणीत मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं असतो, इथं रस्त्यावर जीपगाड्या उकळतात! तेव्हा रेडिएटर राहिले. ‘व्हॉट इफ’चा माझ्यापुरता नियम हाच की इतिहास बदला, फिजिक्स बदलू नका.

कॅनपी मात्र बदलली. लढणाऱ्या वैमानिकाला मागं बघावं लागतं, म्हणून त्याची काच फुगीर. रेसरला मागं बघायचं काय कारण? प्लास्टरचा छोटा, चपटा साचा घासून केला, तो पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घातला आणि गॅरेजमधल्या हीट गननं गरम हवा मारली. बाटली आवळत आवळत साच्यावर बसते, मग ब्लेडनं कापून घ्यायची. भैयानं हे बघितलं आणि त्याच्या पोराला हाक मारली, ‘ए, इकडं ये, ताईचं बघ!’ एवढी दाद मला कुठल्या एडिटरनं दिलेली नाही.

आणि तोफा. मार्क आठला पंखात दोन २० मिलिमीटर तोफा आणि चार मशिनगन. नळ्या कापल्या, पुढची भोकं बुजवली, पंखावरचे तोफेचे फुगवटे तासले, खालून रिकामी काडतुसं पडायच्या खाचा भरल्या. मग पत्र्यांचे सांधेही भरले आणि परत घासलं. वॉटर पेपर झाल्यावर टूथपेस्टनं पॉलिश. कापडाला लावायची आणि गोल गोल फिरवत बसायचं. एक पूर्ण रविवार यात गेला आणि तो फार छान गेला, असं म्हटलं तर घरचे काळजीत पडतील.

हे करताना मला सिडनी कॉटन सापडला.

कॉटन हा ऑस्ट्रेलियन. वैमानिक, धंदेवाला, थोडा उचापती. युद्ध सुरू झाल्यावर त्यानं इंग्लंडच्या हवाई दलाला सांगितलं की शत्रूच्या मुलखाचे फोटो काढायचे तर सावकाश, जड विमानं पाठवू नका. स्पिटफायर द्या, त्याच्या मशिनगन काढा, भोकं बुजवा, फटी भरा, घासून गुळगुळीत करा, मशिनगनच्या जागी कॅमेरे बसवा. कुणी आडवं आलं तर लढायचं नाही, पळायचं! दोन विमानं त्याला मिळाली. वजन उतरलं, अंग गुळगुळीत झालं आणि वेग ताशी तीसेक मैलांनी वाढला. आभाळात मिसळून जावं म्हणून त्यानं त्यांना फिकट हिरवट रंग दिला. १८ नोव्हेंबर १९३९ ला असं एक निःशस्त्र स्पिटफायर पहिल्यांदा कामगिरीवर गेलं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. मी टेबलावर जे करत होते, तेच, त्याच क्रमानं, एका माणसानं खऱ्या विमानावर करून ठेवलं होतं.

त्याच रात्री पुढचं वाचलं. हाच सिडनी कॉटन १९४८ मध्ये कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांत शस्त्रं भरून ती चोरून हैदराबाद संस्थानात उतरवत होता. निजामासाठी! इंग्लंडच्या कोर्टात नंतर त्याला दंडही झाला. मशिनगन उतरवून नाव कमावलेला माणूस दहा वर्षांच्या आत बंदुका वाहत होता, आणि त्या येत होत्या आमच्याच राज्यात. कारण तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. भारत स्वतंत्र होऊन वर्ष उलटलं तरी इथं स्वातंत्र्य नव्हतं. ते आलं पोलीस कारवाईनंतर, १७ सप्टेंबर १९४८ ला. पुण्या-मुंबईच्या वाचकांना १५ ऑगस्ट पाठ असतो, ही तारीख मात्र मराठवाड्याबाहेर सांगावी लागते.

खरं तर निजाम या गोष्टीत आधीच येऊन बसला होता, आणि माझ्याच निमंत्रणावरून. परभणीच्या काल्पनिक रेसरला खरी जन्मकुंडली हवी म्हणून मी शोधलं तर आयतं घबाड हाती लागलं. इंग्लंडच्या हवाई दलात ‘१५२ (हैदराबाद) स्क्वॉड्रन’ नावाची स्पिटफायरची तुकडी होती. निजामानं युद्धासाठी दिलेल्या पैशाची ही पावती. त्यानं पहिल्या महायुद्धातही असाच विमानांचा ताफा भेट दिला होता, तो ‘११०’ नंबरच्या स्क्वॉड्रनला मिळाला आणि तीही ‘हैदराबाद’ झाली. १५२ स्क्वॉड्रननं १९४० मध्ये बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये इंग्लंडचं आभाळ राखलं, १९४३ च्या अखेरीस ती भारतात आली आणि मार्क आठ स्पिटफायर घेऊन ब्रह्मदेशात जपान्यांशी लढली. तिच्या अधिकृत चिन्हात काय आहे? निजामाची दस्तार. खाली ब्रीद, ‘निष्ठावंत मित्र’. ही इंग्रजांनीच निजामाला दिलेली पदवी.

झालं! माझ्या डोक्यात रेसर तयार. शेपटीवर सोनेरी दस्तार, खाली नाव. ग्राफिकली तर कमालच दिसलं असतं. डिकल प्रिंट करायच्या आधी फोनवर ते चित्र आबांना दाखवलं.

आबा माझ्या आईचे वडील. नव्वदीला टेकलेत. तारखांत गोंधळ होतो, पण चष्मा पुसून त्यांनी ते चित्र नीट बघितलं.

‘ही तर दस्तार हाय. कुणाच्या इमानावर लावायलीस?’

मी सगळं सांगितलं. स्क्वॉड्रन, भेट, ब्रह्मदेश. ते शांत ऐकत होते. मग म्हणाले, ‘सारा आमी भरला. हाली रुपयात. आन पगडी त्याची?’

हाली म्हणजे निजामाचं स्वतःचं चलन. आता काटेकोर हिशेब काढला तर कुठल्या शेताचा सारा कुठल्या विमानात गेला हे कोण सांगणार? निजामाची सर्फ-ए-खास ही खासगी जहागीर वेगळी, सरकारी तिजोरी वेगळी. मी हे म्हणणार होते. पण आबांचा चेहरा बघून नाही म्हटलं.

संध्याकाळी सेलूहून मामेभाऊ आला. दादा तिथं शाळेत इतिहास शिकवतो. तो आबांच्या विरुद्ध बोलला. ‘आबा, ती तुकडी निजामाची नव्हती. त्यातली वीस-बावीस वर्षांची पोरं हिटलरशी लढली, जपानशी लढली, मेली. त्यांनी ते चिन्ह अंगावर घेतलं. ते पुसलं तर पोरांनाही पुसतो आपण.’ मुद्दा बिनतोड होता. मी त्याच्या बाजूनं होते, अजूनही थोडी आहे. हे ‘व्हॉट इफ’वाले लोक (म्हणजे आम्हीच) कुठल्याही राजवटीची चिन्हं नुसती छान दिसतात म्हणून चिकटवतात. दादा निदान कारण तरी देत होता.

आबा भांडले नाहीत. त्यांनी वेगळंच सांगितलं. पोलीस कारवाईच्या दिवसांत ते दहा वर्षांचे होते, गावाकडं. विमानाचा आवाज आला की बायका-पोरं कडब्याच्या गंजीमागं पळायची. कुणी म्हणायचं आपलं, कुणी म्हणायचं त्याचं. भारताच्या हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं त्या कारवाईत होती, हे मला पुस्तकातून ठाऊक. कॉटनची विमानं त्याच वर्षी येऊन गेली, हेही. पण गंजीमागच्या पोराला यातलं काय ठाऊक असणार? ‘खालून कसं कळावं कुणाचं हाय ते?’ आबा म्हणाले. ‘वर बघायचं आन वाट बघायची.’ रझाकार हा शब्द ते अजूनही मोठ्यानं उच्चारत नाहीत. तेवढ्यापुरता आवाज खाली गेला.

नंतर कुणीच काही बोललं नाही. दादानं टीव्ही लावला.

रात्री मी डिकलची फाईल उघडली आणि शेपटीवरचं चिन्ह काढलं. चिन्ह काढायला सेकंद लागतो, तोफेचा एक फुगवटा तासायला मला दीड तास लागला होता. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘मग निदान खोटी कुंडली बनवू नकोस.’ त्यावर आबांनीच तोड काढली. विमान ज्या लाकडी फळीवर उभं राहील, त्यावर पाटी लावायची आणि सगळं लिहायचं. ‘पाटीवर लिव्ह. इमानावर नको.’ तर पाटीवर ‘१५२ (हैदराबाद) स्क्वॉड्रन’ आहे, निजाम मीर उस्मान अली खान आहे, हाली रुपयातला साराही आहे. कॉटनला जागा पुरली नाही. त्याला या कॉलममध्ये घेतलं.

रेसरचं नाव ठेवलं ‘परभणी मोती’. हे इथल्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या रब्बी ज्वारीच्या वाणाचं नाव आहे, दाणा खरंच मोत्यासारखा. १९४९ च्या विमानाला हे नाव अशक्य, वाण कितीतरी नंतरचा. पण फिजिक्स मोडत नाही ना? चालतंय! नावामुळं रंगाचाही प्रश्न सुटला. ऑटो पार्ट्सच्या दुकानातून पर्ल व्हाइटचा स्प्रे आणला. गाडीचा रंग थेट प्लास्टिकवर मारला तर प्लास्टिक विरघळायला लागतं, म्हणून आधी प्रायमर आणि मग लांबून, धुक्यासारखे पातळ हात. पाच हात दिले, प्रत्येक हातानंतर अर्धा दिवस थांबून. सुकायला ते माळवदाखालच्या गारव्यात ठेवलं आणि मांजराला दोन दिवस घरबंदी केली.

राहिला रेस नंबर. तो एकच असू शकतो. परभणीच्या गाड्यांची पासिंग ‘एमएच २२’. नंबर प्लेट रंगवणाऱ्या रेडियमवाल्या पोराकडं गेले. म्हटलं, २२ कापून दे, मराठीत, दीड सेंटिमीटर उंच, चार नग.

‘एमएच बावीस, पुढं काय ताई?’

‘पुढं काही नाही. नुसतं बावीस.’

‘मग आरटीओ धरतेय की!’

गाडी कुठली ते सांगितल्यावर त्यानं मशीन थांबवून मॉडेलचा फोटो दोनदा मोठा करून बघितला आणि विचारलं की एक जोडी खालच्या बाजूला लावणार ना? त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रेसिंगच्या विमानांना पंखाच्या पोटावर मोठा नंबर असतो, जमिनीवरच्या पंचांना वाचता यावा म्हणून. मी चारातले दोन पंखांच्या पोटाशीच लावले, काळे, ठळक. एक शेपटीच्या डाव्या बाजूला. उजव्या बाजूला नाव आहे, तिथं नंबर लावला असता तर गर्दी झाली असती.

उरलेला चौथा बावीस आबांनी मागून घेतला. त्यांच्या काठीला लावलाय.